मे महिन्यात ये

४ जानेवारी

प्रिय मावशी,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. 'नऊ वर्षं झाली तुला बघून, या वर्षी तरी ये' असं तू लिहिलंस, ते वाचून मी आधी तुलाच वेड्यात काढलं आणि मग मोजलं. झालीच की. घर घेतलं त्या वर्षी शेवटची आले होते. हप्ता सुरू झाला आणि माझे प्रवास संपले.

रागावू नकोस, हिशोब ऐक. पगारातला निम्म्याहून जास्त भाग बँक नेते. उरलेला मी लखोट्यांत घालते: वीज, किराणा, औषध, टपाल. हो, टपालाला वेगळा लखोटा आहे. तुझे कान पन्नाशीत गेले नसते तर फोनवर भागलं असतं, पण कानातलं मशीन नुसती शिट्टी मारतं म्हणतेस, तर पत्र आलंच. आणि आगंतुक पैसा माझ्या घरी मुक्कामाला राहत नाही. बोनस असो, जादा कामाचे असोत, जुनी सायकल विकलेले असोत, आले की त्याच दिवशी बँकेत जाऊन मुद्दलात भरायचे. घरात ठेवले की खर्च होतात. मी मला चांगली ओळखते.

अशाने पुढच्या वर्षी जूनमध्ये कर्ज फिटेल. त्याच दिवशी मी लॅबला राजीनामा देणार. पंचेचाळीस वर्षांची, डोक्यावर स्वतःचं छप्पर, एकटीचं पोट, फंडाच्या व्याजावर भागेल. लोक साठीची वाट बघतात, मी का बघू? सकाळपासून संध्याकाळपर्यंत कवळ्या बनवते मी. मेणात दात बसवा, साचे फोडा, घासा, चकाकी आणा. अर्ध्या शहराच्या तोंडात माझं काम आहे आणि माझ्याशी तोंड उघडून बोलणारं कोणी नाही, ही गंमत बघ.

तर कर्ज फिटलं की पहिली तुझ्याकडेच येते. तब्येतीला जप.

तुझी,
मुंगी


२२ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

नाव ठेवलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि खाऊतला अर्धा खाऊ उशीखाली ठेवायचीस. पुढे जन्मभर तेच करशील हे माहीत असतं तर दुसरं काही तरी ठेवलं असतं.

तुझं पत्र वाचायला मला दोन दुपारी लागल्या. अक्षरं नव्हेत, मुंग्यांची रांग आहे ती. पुढच्या वेळी मोठ्या अक्षरात लिही, आणि काळ्या शाईने. निळी आजकाल मला भावत नाही.

माझं ठीक चाललंय. शिवण कमी केलंय. सुईत दोरा ओवायचा कंटाळा येतो, म्हणून खालच्या मजल्यावरची पाववाली सकाळी भट्टी लावून झाली की वर येते आणि एकदम दहा-पंधरा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. दिवसभर पुरतात. स्वभावाने बरी आहे, फक्त सगळीकडे पीठ सांडते.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एक चक्कर टाक. घर फिटल्यावर येते म्हणू नकोस. घर कुठे पळून जात नाही. बाकीच्या गोष्टी जातात.

तुझी,
मावशी


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,
सा. न.

काळी शाई आणली, बघ. पण मोठ्या अक्षरात लिहिलं की एका पानाची तीन होतात, पाकीट जड होतं आणि टपालवाला जादा तिकीट मागतो. म्हणून मधला मार्ग काढलाय: अक्षर थोडं मोठं, पण कागदाच्या दोन्ही बाजूंना. कागद पातळ आहे, त्यामुळे वजनही बेताचं.

मावशी, तू खरी सुखी बाई. हवं तेव्हा शिवतेस, नको तेव्हा बसतेस, सुया ओवून द्यायला माणूस आहे. मी ज्यासाठी नऊ वर्षं थंड डबा खाते आहे ते तुला घरबसल्या मिळालं. मला तुझा हेवा वाटतो, खरंच सांगते.

शुक्रवारी लॅबमधले सगळे कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवायला जातात. पॉलिशवाला पूर्वी दर शुक्रवारी मला विचारायचा, 'चलता का?' मी दर शुक्रवारी डबा दाखवायचे. आता तो विचारत नाही. बरंच झालं, नाही म्हणायचे कष्ट वाचले. ते गेले की लॅबमध्ये मी आणि शंभरेक कवळ्या उरतो. सगळ्या माझ्याकडे बघून दात काढतात.

उन्हाळ्याआधी जमणार नाही गं. जाण्यायेण्याचं भाडं म्हणजे माझा एक पूर्ण हप्ता. तूच म्हणायचीस ना, अंथरूण पाहून पाय पसरावेत? माझं अंथरूण अजून बँकेकडे गहाण आहे.

मुंगी


५ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पत्र खिडकीला धरून वाचलं. पुढचं मागचं एकात एक मिसळलं, आणि तू राजीनामा देऊन पॉलिशवाल्याबरोबर खानावळ काढते आहेस असा माझा समज झाला. मी दोन दिवस खूश होते. मग पाववालीने, मला ऐकू येत नाही म्हणून ठेवलेल्या पाटीवर सगळं पत्र खडूने पुन्हा लिहून दाखवलं. पाटी पुसली तसा माझा आनंदही पुसला.

त्या माणसाने विचारायचं सोडलं हे बरं झालं नाही, मुंगे. उद्या तू विचार. एका दिवसाचं जेवण तुझ्या घराच्या भिंती खाणार नाही.

येणं होत नसेल तर एक काम कर. तुझा एक फोटो काढून पाठव. मोठा, भिंतीला लावण्याजोगा, आणि उजेडात काढलेला. चेहऱ्यावर सावली नको. एवढं नक्की कर.

मी सध्या माणसांकडे मान तिरकी करून बघते म्हणून पाववाली मला कोंबडी म्हणते. हसू येतं.

मावशी


२८ मार्च

प्रिय मावशी, सा. न.

फोटो सोबत आहे. स्टुडिओत चौकशी केली, मोठ्या फोटोचे दर ऐकून खुर्चीतून उठले. सुदैवाने कर्जाच्या कागदांसाठी काढलेले लहान फोटो शिल्लक होते, त्यातला एक पाठवते. नऊ वर्षांपूर्वीचा आहे, पण माझ्यात काही फारसा फरक पडलेला नाही. केस थोडे पांढरे झालेत, ते पेनने रंगवून घे.

पॉलिशवाल्याला नाही विचारलं. काय विचारायचं तेच मला कळेना. इतकी वर्षं नाही म्हटल्यावर आपण होऊन हो म्हणायला गेलं तर माणूस मागे वळून बघेल की हे कोणाला म्हणतेय.

मुंगी


१६ एप्रिल

चि. मुंगीस आशीर्वाद.

फोटो मिळाला. आधी वाटलं पाकिटावरचं तिकीट आत पडलंय. भिंग लावलं, भिंगावर भिंग लावलं. नाक तुझ्या आईचं आहे एवढं कळलं. बाकीचं नाही.

आता नीट वाच. मी शिवणाचं मशीन विकलं. कोपऱ्यात धूळ खात होतं. त्याचे सगळे पैसे तुला मनीऑर्डरने पाठवले आहेत. ते तुझ्या तिकिटाचे. जायचे आणि यायचे, शिवाय गाडीत चहा पिण्याचेही, आणि वर दोन-तीन हप्त्यांचेही. आता तुला हप्त्याची सबब राहिली नाही.

मे महिन्यात ये. जूनमध्ये नको, सवडीने नको, मेमध्ये. का ते विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे असं समज. दोन दिवसांसाठी ये. माझ्यासमोर खुर्ची टाकून बस, एवढंच काम आहे.

मावशी


२ मे

प्रिय मावशी, सा. न.

मनीऑर्डर मिळाली. दारातच मी रडले, टपालवाला बिचारा घाबरला. आजवर मला असे पैसे कोणी पाठवले नव्हते.

आता मी काय केलं ते सांगते, तू खूश होशील. तुला माझा नियम माहीत आहे, आगंतुक पैसा रात्रभर घरात ठेवायचा नाही. तशीच उठले, बँकेत गेले आणि सगळे मुद्दलात भरले. कारकुनाने पुन्हा हिशोब मांडून दिला. पुढच्या वर्षी जूनऐवजी फेब्रुवारीतच कर्ज संपतंय! चार महिने, मावशी! व्याज वाचलं ते वेगळंच. म्हणजे तुझ्याच पैशांनी मी तुझ्याकडे चार महिने आधी येणार, आणि तेही नुसतं दोन दिवसांसाठी नाही, नोकरीचं जोखड नसताना, हवे तितके दिवस. तिकिटात घातले असते तर दोन दिवसांत धूर झाला असता.

तू मशीन विकलंस हे छान केलंस. आता खरी निवृत्त झालीस. पुढच्या वर्षी आपण दोघी निवृत्त, दिवसभर गप्पा.

तुझी लाडकी कवडीचुंबक,
मुंगी


२५ मे

चि. मुंगीस,

पैसे तुझेच होते. बरं केलंस. मशीनची तुझ्या घरात एखादी वीट झाली असेल.

आशीर्वाद.

मावशी


१४ जुलै

प्रिय मावशी, सा. न.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा पाहिलं. चारच ओळी, त्याही एकमेकींवर चढलेल्या, शेवटची तर कागदाबाहेर टेबलावरच गेली असणार. इतक्या रागात कोणी पत्र लिहितं का? रागावली असशील तर सरळ लिही ना, मी ऐकून घेईन. वाटल्यास कवडीचुंबकाहून वाईट काही तरी म्हण. पण लिही.

इथे सगळं ठीक.

मुंगी


१९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

उत्तर नाही. ठीक आहे.

तुला एक सांगते, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. सोमवारी सकाळी लॅबमध्ये पहिला शब्द बोलायला गेले की माझा आवाज घोगरा निघतो. घसा साफ करावा लागतो. परवा मला त्याचं कारण समजलं. शुक्रवार संध्याकाळनंतर मी तो वापरलेलाच नसतो. किराणावाला पिशवी पुढे सरकवतो, मी पैसे सरकवते, दोघं माना हलवतो. झालं.

पूर्वी मला एकटेपणा जाणवत नव्हता असं नाही. पण तुझं पत्र यायचं तेव्हा त्यावर भांडायला मिळायचं. मी भांडी घासताना तुला उत्तरं द्यायचे, मोठ्याने. आता कशाला उत्तर देऊ?

राग सोड ना गं. मी चुकले असेन. कुठे चुकले ते मला अजून कळलेलं नाही, पण चुकले असेन.

मुंगी


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी, साष्टांग नमस्कार.

फिटलं.

आज सकाळी शेवटचा हप्ता भरला. बँकेतल्या बाईने कागदांचा गठ्ठा पुढे केला, इथे सही, इथे सही, आणि मान वर न करता 'अभिनंदन' म्हणाली. मला वाटत होतं की काही तरी होईल. कोणी तरी उभं राहील, हात मिळवेल. मागच्या माणसाने 'झालं का तुमचं?' असं विचारलं. झालं म्हटलं आणि बाहेर पडले.

तिथून लॅबमध्ये जाऊन राजीनामा दिला. मालक म्हणाले, एवढ्यात? पॉलिशवाल्याने माझं टेबल आवरायला मदत केली. जाताना म्हणाला, 'आज शुक्रवार आहे.' मी म्हटलं, 'हो, आहे.' आणि निघाले. रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं की तो विचारत होता.

घरी आले, कुलूप उघडलं. घर माझं. दोन खोल्या, एक खुर्ची. दुसरी खुर्ची कधी घेतलीच नाही, बसणारं कोण होतं? त्या खुर्चीत बसले ती दिवे लागेपर्यंत बसूनच होते. दहा वर्षं मी याच दिवसाकडे धावत होते मावशी, आणि आता मला उद्या सकाळी उठून काय करायचं ते माहीत नाही.

आता मी मोकळी आहे. तुझ्याकडे येते. मार्चच्या मध्यानंतर गाडीची भाडी उतरतात, तेव्हाचं तिकीट काढते. तू बोलत नसलीस तरी येते.

मुंगी


२४ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

हे अक्षर पाववालीचं आहे. मी सांगते, ती लिहिते. कागदाला पीठ लागलं तर झटकून घे.

घर फिटलं, फार आनंद झाला. तुझी आई असती तर तिने गल्लीभर सांगितलं असतं. मी पाववालीला सांगितलं, तिने गिऱ्हाइकांना सांगितलं, तेव्हा गल्लीचं कामही झालं.

मी रागावले नव्हते. वेडी का काय. माझे डोळे गेले. सगळे नाही, कडा शाबूत आहेत. दाराची चौकट दिसते, चौकटीतलं माणूस दिसत नाही. समोर कोणी आलं की नेमका चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग येतो. डॉक्टरने गेल्या मार्चमध्येच पाटीवर लिहून दिलं होतं की उन्हाळा संपेपर्यंत एवढंच राहील. म्हणून मे म्हणत होते. कारण लिहिलं असतं तर तू धावत आली असतीस हे मला ठाऊक होतं. पण मग तू डोळ्यांसाठी आली असतीस. मला तू नुसती माझ्यासाठी यायला हवी होतीस. मीही काही कमी हट्टी नाही. नंतर ठरवलं की तुझं कर्ज फिटेपर्यंत काही कळवायचं नाही. दहा वर्षं पोट मारून गाडा ओढलास, शेवटच्या चढावर मी कशाला खीळ घालू?

तुझा चेहरा बघायचा होता, तो राहिला. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. मी तर डोळा मागितलाच नव्हता, भाची मागितली होती.

पण यात तुझा फायदाच झाला. माझ्या डोक्यात तू अजून पस्तीस वर्षांचीच आहेस, निळ्या झग्यात, मीच शिवलेल्या. आता कायम तेवढीच राहशील. एवढी बचत तर तुझ्या बँकेनेही करून दिली नसती.

मावशी

ताई, आता मी माझं लिहिते. मावशींना पाटी दिसत नाही आणि कान तर नाहीतच, म्हणून आता त्यांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढावं लागतं. तुमचं शेवटचं पत्र सांगायला मला तीन दुपारी लागल्या. खुर्चीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही. मग म्हणाल्या, पुढचं लिही. ताई, त्या दिवसभर हात उताणा ठेवून बसतात, कोणी काही लिहील म्हणून. मी भट्टी सोडून किती वेळ वर येणार? खाली माझा फोन नंबर देते.


२ मार्च

पाववाली बाईंना नमस्कार.

परवा संध्याकाळी तुम्हाला एक फोन आला असेल, तुम्ही दोनदा 'हॅलो' म्हणालात आणि पलीकडून कोणी बोललं नाही. ती मी होते. बोलण्याऐवजी लिहिते.

मार्चच्या मध्याची वाट बघत नाही. परवाचीच गाडी मिळाली, पूर्ण भाड्याची. फक्त येण्याचं तिकीट घेतलं आहे. घराची किल्ली लॅबमधल्या एका माणसाकडे ठेवायला गेले होते. किती दिवसांसाठी, असं त्यांनी विचारलं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. मग तेच म्हणाले, बरं, अधूनमधून खिडक्या उघडत जाईन. दोन दिवस प्रवासात जातील, पत्र बहुधा माझ्या एक दिवस आधी पोचेल.

माझ्या आधीच्या पत्रांतलं तिला काही सांगायचं राहिलं असेल तर आता सांगू नका. जुलैतलं आणि ऑक्टोबरातलं तर मुळीच नको. मी तिला रागीट म्हटलं होतं त्यात. ती ज्या हातांनी चाचपत लिहीत होती त्या ओळींना मी राग म्हणत होते.

तिला फार लिहायला लावून तुमची भट्टी थंड करायची नाही मला. घरातून बाहेर पडताना माणूस आतल्या माणसाला सांगून निघतं. इथे दहा वर्षांत मला ते कधी सांगावं लागलं नाही. या वेळी मला ते कोणाला तरी सांगायचं आहे. तेव्हा हे पत्र मिळालं की वर जा, तिच्या उताण्या हातावर एवढा एकच शब्द काढा आणि तिची मूठ मिटून द्या.

निघाले.